बदली

घरटी एक माणूस, असा हुकूम.
न गेल्यास पाचशे क्यात दंड.
मी तीनशेत जाते.

आज मी ऊ टिन ह्लाच्या घरची.
मागच्या खेपेला त्या मास्तरणीची होते,
जिचा मुलगा आत आहे.

संघटनेचा पांढरा सदरा खांद्यात ढगळ होतो,
हिरवी लुंगी बरी, घरीही नेसते.

मेजरसाहेब हल्ली साध्या कपड्यांत येतात,
माइकसमोर टाचा मात्र आपोआप जुळतात.
"जनता आमच्या पाठीशी!"
मूठ वर. खाली. वर.
पाठीशी मी आहे, साहेब,
आणि शेजारची म्हातारी,
तीही कुणाची तरी.

मेइक्तिलाच्या मैदानावर ऊन कलल्यावर
कारकुनाने यादीवर बोट ठेवलं:
"तुझ्या घरचं कोण आलंय?"

पाचशे मोजले.
दोनशे अंगावर.