एकतीस मच्छरदाण्या

वहीच्या मागच्या पानापासून सुरुवात केली,
पुढून सातवीचा गणिताचा गृहपाठ आहे.
झोम्बा ते सरोवर. दोन रात्री. त्रेसष्ट पोरं.
फादरांनी विचारलं, "एनलेस, जमेल ना?"
मी म्हटलं, जमेल. हे मी नेहमीच म्हणते
आणि मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही.

ट्रक कालिलोम्बेचा. एरवी मका वाहतो.
म्हटलं, आधी झाडून घ्या,
मागच्या वर्षी मुलींच्या केसांतून आठवडाभर कोंडा निघत होता.
झाडतो म्हणाला, पण डिझेल तुमचं.
डिझेल म्हणजे पंपावरची रांग.
लिम्बानीने पहाटे तीनला रांगेत कॅन ठेवला
आणि स्वतः घरी येऊन झोपला.
उठून गेला तेव्हा कॅन जागच्या जागी होता,
रांग पुढे गेली होती.

मक्याचं पीठ दोन पोती. घेवडा. मीठ.
उसिपा तिथेच घेऊ, खिळ्यांएवढे मासे,
काठावर ताटव्यांवर वाळत घातलेले असतात.
अतुपेलेला मासळीचा वास सोसत नाही, तिच्यासाठी अंडी.
अंडी ट्रकमधून कुणाच्या मांडीवर, हे ठरायचंय.

संध्याकाळी पाणघोडे वर येतात, साडेपाचनंतर काठ बंद.
लव्हाळ्यातल्या साचल्या पाण्यात उतरायचं नाही,
गोगलगायी असतात, मग लघवीतून रक्त जातं.
हे सांगताना मागच्या बाकांवर हसू फुटणार,
तेही धरून चाललेय.
पोहता कुणाकुणाला येतं, विचारलं.
त्रेपन्न हात वर.
खोल पाण्यात उतरलंय कोण कोण?
हात खाली येत गेले, एकमेकांकडे बघत.
अकरा उरले.

मच्छरदाण्या एकतीस. दवाखान्यातल्या बाईंनी उसन्या दिल्या,
मोजून, सही घेऊन.
आम्ही मोठी माणसं धुरात झोपू. मुलं एकीत दोघं.
म्हणजे बासष्ट.
कितीही वेळा केलं तरी एक उरतो.

बुधवारी यान्खोचा परवानगीचा कागद आला नाही.
गुरुवारी आला, सहीची जागा कोरी.
आणि माझा हिशेब तंतोतंत बसला.

इतकी वर्षं मुलांना सांगतेय,
उत्तर बरोबर आलं की खाली दोन रेघा ओढा.
ओढवेनात.

विटांच्या भट्टीपलीकडे मालिताचं घर.
तिचा थोरला कोंडवानी त्याच पाण्यात गेला,
मामाच्या गावी, चार वर्षं झाली.
निळी मच्छरदाणी घेऊन उतरला होता उथळात, मासे धरायला.
मच्छरदाणी आधी सापडली.

हे सगळं ठाऊक असून मी यादी घेऊन गेले
आणि दारात उभी राहून म्हणाले काय, तर
"कमरेएवढ्या पाण्यात दोरी बांधणार आहोत."
ती शेंगदाणे सोलत होती. सोलत राहिली.
मग म्हणाली, "एवढ्या पोरांचं रांधणार कोण?"
"मुलंच. पाळीपाळीने."
"म्हणजे गुठळ्यांची न्सिमा खाणार."

मयताच्या घरी दोनशे माणसांचं रांधते ती.
आत गेली आणि आपला लाकडी चाटू घेऊन आली,
वल्ह्याएवढा, दाराला टेकवून ठेवला.
"चूल मी मांडणार, रस्त्याकडे तोंड करून.
मला पाणी दाखवायला कुणी ओढायचं नाही.
पोराला तुझ्या दोरीपर्यंत जाऊ दे.
छाती भिजलेली दिसली तर तिथून घरी आणीन, चालवत."
लिहिता येत नाही तिला.
सहीच्या जागी अंगठा उमटला,
शेंगदाण्याच्या लाल सालीसकट.

रात्री पुन्हा मांडलं. पुन्हा त्रेसष्ट. पुन्हा एक उरला.
उद्या दवाखान्यात जाऊन बाईंना म्हणेन, आणखी एक द्या,
जरा मोठी, आई आणि मुलगा मावतील अशी.
यान्खो लाजेल, चौदाचा आहे. लाजू दे.
आणि निळी सोडून कुठलीही.

अंड्यांना मांडी मिळाली,
तेवढं खोडलं यादीतून.