दोन मार्कांचा प्रश्न

डंडीत नोव्हेंबरात पावणेचारलाच दिवस आटोपतो.
शर्वाणी स्वयंपाकघरातल्या टेबलावर
कार्डं पिसून बसते, रमीला बसल्यासारखी.
एका अंगाला शब्द, दुसऱ्या अंगाला व्याख्या.
मी पोळ्या लाटता लाटता विचारायचं, तिनं सांगायचं.
सोमवारी मिसेस गॅलब्रेथची चाचणी.

'सिमिली?'
'लाइक किंवा अ‍ॅज असलं की.'
एवढ्यावर सुटका!
इस्लामपूरला पाध्येबाई डस्टर आपटून
घोकून घ्यायच्या: उपमेय, उपमान,
साधर्म्य, साम्यवाचक शब्द.
चारही नीट सांगितले तर दोन मार्क.
त्यानंतर बावीस वर्षं मला कुणी ते मागितले नाहीत.
केअर होमच्या रात्रपाळीत
म्हाताऱ्या मिस्टर ड्रमंडना कुशीवर वळवताना
साम्यवाचक शब्द लागत नाही.
दोन माणसं लागतात, आणि बहुतेकदा एकच असतं.

'पर्सॉनिफिकेशन,' ती म्हणाली,
आणि कणकेच्या हातांनी मी म्हटलं, चेतनगुणोक्ती.
शब्द आतून आपणहून चालत आला.
तिला तो इतका आवडला की तीनदा म्हणून पाहिला,
दर वेळी 'गुनोक्ती', आणि हसली.
'उदाहरण दे.'
'आपला बॉयलर रुसलाय.'
तिनं रोमन अक्षरांत लिहून घेतलं,
लोकरी टोपी कानांवर ओढत.
घरात टोपी का, म्हटलं तर म्हणे फॅशन आहे.

बॉयलर रुसलेला नाही.
बॉयलर गुणी आहे, सांगितलं तेवढं ऐकतो.
जिन्याखाली दोन मीटर आहेत.
गॅसच्या मीटरवर शून्य,
विजेच्या मीटरवर उसनेच चाललेत कालपासून,
आणि पगार शुक्रवारी.

खरं कारण झाकायचं, दुसरंच पुढे करायचं:
व्याजोक्ती.
हिच्यासाठी त्यांच्याकडे कार्ड आहे का, मी चाळून पाहिलं.
आयरनी नव्हे.
युफेमिझम दारापर्यंत आला,
पायपुसण्यावर जरा घुटमळला, परत गेला.

'सिझुरा?' आता तीच मला विचारते.
ओळीच्या मध्येच घेतलेला थांबा.
'यती,' मी म्हणते. 'श्वासाला जागा.
वृत्तात ती ठरलेली असते,
बाराव्या अक्षराशी, किंवा

दिवे गेले.

फ्रिजची घरघर थांबल्यावर कळतं, ती चालू होती.
तवा हळूहळू निवत गेला.
खिडकीबाहेर टे नदीवरचं धुकं
रस्त्याच्या दिव्यानं पिवळं झालेलं,
आणि माझ्याकडे एकही कारण तयार नाही.
फ्यूज म्हणावं? सगळ्या गल्लीचे गेलेत म्हणावं?
समोरच्या घरात टीव्ही लख्ख दिसतोय.

खुर्ची सरकली. जिन्याखाली चाचपडल्याचा आवाज.
मीटरमध्ये किल्ली बसल्याची ती टिचकी मी ओळखते.
उजेड आला तेव्हा शर्वाणी दारात उभी,
ब्लेझर अंगावर, हात खिशात.
'काल दुकानात भरून आणली. पाच पौंडांची.'
'पैसे कुठले?'
'दुपारच्या जेवणाचे उरले.
भूकच नव्हती या आठवड्यात.'

भूक नव्हती.
पाध्येबाई असत्या तर फळ्याजवळ बोलावून
सगळ्या वर्गाला दाखवली असती.
मी पाठ वळवली, तवा पुन्हा तापत ठेवला,
पाण्याचा थेंब टाकून पाहिला,
गरजेपेक्षा जास्त वेळ पाहिला.

ती बसली. शेवटचं कार्ड उचललं.
'एनजॅम्बमेंट. ओळ संपते, पण वाक्य संपत नाही.'
याला मराठीत काय, तिनं विचारलं.
मला माहीत नव्हतं. पाध्येबाईंनी सांगितलं नव्हतं,
किंवा त्या दिवशी मी गैरहजर असेन.

तिच्या ताटात तिसरी पोळी टाकत म्हटलं,
कणीक जरा जास्तच भिजली आज,
वाया जाईल, तेवढी संपवून