मागच्या चार ओळी

"पाला तसाच ठेवू? मग गाव म्हणेल,
भरमू आळशी झाला."
चंदगडच्या पुढं, हेऱ्याच्या उतारावर
फणसाच्या सावलीत
कॉफीची दोनशे झाडं, आणि खाली जमीन
सारवल्यासारखी स्वच्छ.

कोल्हापुरातून नेलेले तक्ते
मी बॅगेतून काढलेच नाहीत.

शेवटी म्हणाला, चार ओळी घे.
रस्त्यावरून दिसत नाहीत त्या.

तिसऱ्या मार्चात गेलो.
मागच्या ओळीत त्यानं बोट खुपसलं,
एक पेर, दोन पेरं, अख्खं.
पुढच्या ओळीत नख वाकलं.
काही बोलला नाही.

परवा बांधावरून पाहिलं:
सुगंधावहिनी अंगण झाडून
पाल्याची पाटी घेऊन निघालेल्या,
रस्त्याकडच्या झाडांना.
शेजारी काहीतरी विचारत होता.
भरमू म्हणाला,
"व्हय. झालोय आळशी."