पोटभाडेकरू

घणसोली गावात, मढवींच्या चौथ्या मजल्यावर,
जो कागदावर अजून झालेलाच नाही,
बागुलांच्या दोन खोल्यांतली मागची
माझी.
म्हणजे माझी कुठली, धिंगरीची.
मी गॅलरीत पत्र्याखाली झोपते.

तीस पिशव्या टांगल्यात आकड्यांना.
आत उकळून निथळलेला पेंढा, शहापूरहून टेम्पोनं आलेला,
आणि भोकाभोकांतून बाहेर डोकावणारी अळंबी,
कुणाचं तरी ऐकत असल्यासारखी, कानाच्या पाळ्यांएवढी.
दिवसातून तीनदा फवारा.
मध्येच मी बोलते त्यांच्याशी,
बागुलांना वाटतं फोनवर आहे.

गणपती गेले त्या आठवड्यात सतराव्या पिशवीत
तोडायच्या राहून गेलेल्या एका थोराड अळंबीवर
काहीतरी धरलेलं दिसलं.
वाटलं, कोळिष्टक. फुंकर मारली.
हललं नाही.
बोट लावलं तर गार, आणि पिठासारखं बोटाला आलं.

केंद्रावरच्या टिपणीस मॅडमना फोटो पाठवला.
त्यांचं उत्तर: बुरशीवरची बुरशी आहे.
पेंढा खात नाही ती. पेंढा खाणाऱ्याला खाते.
ओलं फडकं टाका, पिशवी बांधा, लांब नेऊन जाळा, खाली चुना. आजच.
आणि फुंकर अजिबात मारू नका.

गवळीदेवाच्या डोंगरावर आई सरपणाला जायची, मी मागोमाग.
एकदा तिनं काळं पडून लिबलिबलेलं छत्र दाखवलं,
बशीएवढं,
आणि त्याच्या माथ्यावर दहा-बारा पांढरी छत्रं
शर्टाच्या बटणांएवढी.
"बघ, पाठुंगळी घेतलीत पोरं."
डोक्यावर मोळी असून ती वळसा घालून गेली.
आता मॅडम म्हणतील, ती पोरं नव्हेत,
ती जेवायला आलेली.
आई असती तर म्हणाली असती,
मग पोरं म्हणजे वेगळं काय असतं?

पाच तारखेला बागुल आले.
रबाळ्याची कंपनी बंद झाल्यापासून शर्ट खोचत नाहीत.
माझ्याकडून साडेचार हजार घेतात, मढवींना दोन्ही खोल्यांचे मिळून पाच देतात.
हे मला माहीत आहे,
मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे,
आणि त्यांच्या कार्तिकीचे शाळेचे बूट नवे आहेत
हे दारातच दिसतं.
सतराव्या पिशवीपाशी थबकले.
"कापूस आहे का हा?"
"रोग आहे."
जरा विचार करून म्हणाले, "विकला जातो?"

जाळायला जागा खाली, मढवीआजोबांच्या परसात.
ते साडेबारा टक्क्यांची फाइल उन्हात पसरून बसले होते,
तिलाही दर पावसात बुरशी धरते.
पिशवी हातात घेऊन त्यांनी आधी हुंगली.
"रत्ना," म्हणाले, "भात रत्नाचं आहे.
हेच लावायचो आम्ही. इथंच,
तुझ्या खोलीच्या बरोब्बर खाली."
मग काडी मी ओढली.
ओला पेंढा लवकर पेटत नाही,
धूर तेवढा झाला, आणि सगळ्यात आधी
ते पांढरं गेलं, काही न बोलता.

वर आले. चुना पसरला.
आकडा एकटाच हलत होता, वारा नसताना.

संध्याकाळी बागुल दारात उभे, आत न येता.
"तो कोपरा रिकामा झालाय ना?
सटाण्याहून मेहुणा येतोय. आठच दिवस.
त्याचं त्याचं अंथरूण आणेल."

मी खाली बघितलं, वर बघितलं.
म्हटलं, चुना ओला आहे,
दोन दिवस थांबा.