हातचा

स्वयंपाकघराच्या भिंतीवर पाच हातमोजे,
सगळे एकेकटे. जोडीचा दुसरा
कुठे बसमध्ये राहिलेला, कुठे बर्फात,
कुठे शेजारच्या कुत्र्याने नेलेला.
विल्यांदीत हिवाळा लांब असतो,
हरवायला भरपूर वेळ मिळतो.

लाल, अंगठा उसवलेला: हेल्वेची बेकरी.
कातड्याचा, राक्षसाच्या मापाचा: वाम्बोलाची लाकडाची वखार.
मुहू बेटाकडचा, नारिंगी, डोळ्यांवर येणारा,
सालमेबाईंच्या गायकवृंदाचा,
ज्यांच्याकडे सूर पन्नास आणि पावत्या तीन.
हिरवा गुरांच्या डॉक्टरचा, रेलिकाचा.
त्याला अजून गोठ्याचा वास आहे.
आणि राखाडी, इस्त्री केल्यासारखा,
युलोचा. युलो लोकांना शेवटचं पोचवतो.

पावत्या आल्या की ज्याच्या त्याच्या हातमोज्यात कोंबायच्या.
महिनाअखेर बोटंसुद्धा फुगतात.

फेब्रुवारीत, कर भरायच्या आदल्या रात्री,
वखार टेबलावर पसरून बसले होते.
हेल्वेचा फोन. "दोनच मिनिटं, मारिका."
लाल उतरवला.
उठलेच आहे तर म्हणून राखाडीही.
टेबलावर तीन हात, माझे दोन.
पहाटे साडेतीनला बेरजा जुळल्या.
हेच वाईट. चुकलेली बेरीजही
कधीकधी जुळते, गुपचूप.

सोमवारी युलो स्वतः आला, टोपी हातात धरून.
"आमच्या पेट्यांत दालचिनी
कधीपासून घालतो आम्ही? अकरा किलो?"
हसला नाही. त्या धंद्यात सवय मोडते.
तिकडे हेल्वेच्या बनपावांत
चार घनमीटर पाइनच्या फळ्या.

मी कॉफी ठेवली. विचारलं,
एकाच आठवड्यात तिघं गेले तर कसं करता?
"एका वेळी एक.
दार लावायचं, नाव मोठ्याने घ्यायचं."
आणि बाकीचे?
"थांबतात. तुझेही थांबतील.
फक्त ते कुरकुर करतात."

तेव्हापासून टेबलावर एकच हातमोजा.
तो खिळ्यावर परत गेल्याशिवाय दुसरा उतरत नाही.
फोन पावाच्या डब्यात.
वाजू दे. पावाला ऐकू येत नाही.

"रेलिका," मी मोठ्याने म्हणते,
आणि दीड तास जगात फक्त
गाभण गाई, सुया, डिझेल.
मधेच हेल्वेचं पीठ डोक्यात शिरतंच.
डोक्याला काही वखारीचं कुलूप नसतं.
चिठ्ठीवर "पीठ" लिहिते, लाल हातमोज्यात टाकते,
गाईंकडे परत येते.
कधी दोनदा जावं लागतं.
एकदा तर सात वेळा गेले. तो दिवस सोडा.

काल काउर आला, तळ्यावर होड्या भाड्याने देणारा पोरगा.
काखेत बुटांचा खोका, खोक्यात दोन वर्षं.
भिंत बघून म्हणाला,
"सहावा खिळा रिकामाच आहे की."

आहे. मीच ठोकला होता,
कुणी एक सोडून गेलं तर काय, या धास्तीने.
आणि या धास्तीनेच आजवर
हो म्हणत आले आहे.

"तो माझा आहे," मी म्हटलं.
माझं मलाच नवल वाटलं.
खोका त्याच्या काखेत परत दिला,
पानगळीत ये म्हटलं.
त्याने जरा कुरकुर केली. मग गेला.

कोटाच्या खिशात माझी जोडी होती, अख्खी.
डावा काढून सहाव्या खिळ्याला अडकवला.
आत काही टाकलं नाही.
तळ्याला एक फेरी मारली,
उघडा हात खिशात. बर्फ कडेने
काळा पडायला लागला आहे.

संध्याकाळी वाम्बोलाची बेरीज.
आठ आणि सात पंधरा. पाच लिहिले, हातचा एक.
तो इमानाने पुढच्या रकान्यात नेऊन मिळवला.
तो वाम्बोलाचा होता.
माझा खिळ्यावर होता.