गालानं बघणं

आरसा चाळीस केल्विनच्या वर गेला
तर दुर्बीण आकाश बघत नाही,
स्वतःलाच बघत बसते.
हे वाक्य फळ्यावर लिहून ठेवलंय,
उद्यमनगरातल्या आमच्या माडीवर.
खाली लेथ सुरू झाली की फळा थरथरतो.

आण्णाप्पा मिस्त्री, माझे वडील,
चौतीस वर्षं शिरोलीच्या भट्टीसमोर.
रस तयार झाला की नाही, रंगावरून सांगायचे:
अजून मिरची हाय, थांबा.
आता हळद.
आता खोबरं. वता!
मिरचीच्याही अलीकडे एक उजेड असतो,
कुणाला न दिसणारा.
तो रोज थोडाथोडा त्यांच्या डोळ्यांत मुरला,
भिंगं दुधाळ झाली.

मला तोच उजेड हवाय.
न जन्मलेल्या ताऱ्यांभोवतीची धूळ,
कोळशाच्या खड्यांसारखे, अंधारातच फिरणारे लघुग्रह.
आटे पाडताना हत्यार सरकतं
तशी दुर्बीण सरकेल, दर फेरीला किंचित,
आधीच्या पट्टीवर नवी पट्टी जराशी चढवत,
सहा महिन्यांत सगळं आभाळ.
पण कागदावर आरसा अजून त्रेपन्नवर.
रेहाना मुल्लानीचा बंगळूरहून फोन:
कुठून तरी झिरपतंय गं, पुन्हा बघ.

काचतंतूंचे पाय आणखी बारीक केले.
तरी एक्कावन्न.

आण्णा खाटेवरून म्हणाले,
उन्हाच्या बाजूला पत्रं किती?
एकच, जाड.
मग तिथंच चुकतंय बग.
जाड पत्रा तापला की त्योच भट्टी हुतो.
पातळ तीन लाव, येकमेकाला टेकू दिऊ नको.
आन् फट कडंला रुंद ठेव,
आत घावलेल्या धगीला भायेर जायाला वाट पायजे.

रात्री दोनपर्यंत आकडे फिरवले.
त्रेचाळीस.
अजून तीन उरलेत, पण त्रेचाळीस.

सांगायला खाली आले, अनवाणी, आवाज न करता.
दारातच थांबले. झोपले असतील.
तीनशे दहा केल्विनची मी,
त्या यंत्रासमोर धरली तर केवढा झगझगाट.

अंधारात त्यांनी मान वळवली,
डोळे मिटलेलेच,
उजवा गाल माझ्याकडे.
उभी का ऱ्हायलीस, म्हणाले,
बस की.