विसंगत

नवायार्डात रेल्वेच्या भिंतीला टेकून
हारूनभाई लुहाराचं छप्पर.
त्याच्या सावलीत माझी फार्गो पिकअप उभी आहे,
पादरा गावच्या एका तंबाखूवाल्याकडून घेतलेली.
दांडिया बाजारात सगळे हसले तेव्हा,
फंडाचे पैसे आणि हे भंगार!

हौद्याचा डाव्या अंगाचा पत्रा
बाहेर फुगलाय,
दाढ सुजल्यासारखा.

एकतीस वर्षं मी विम्याचा सर्व्हेअर.
पोचे वाचणं हेच पोटापाण्याचं वाचन :
ओरखडा कुठून निघाला, कुठे संपला,
खांब म्हणतात तो खांबच की म्हैस,
वेग किती, खोटं किती.
म्हणून ऐटीत सांगितलं,
हा मार आतला आहे, हारूनभाई.
हौद्यात काहीतरी घरंगळलं असणार. पिंप वगैरे.

तो पिचकारी टाकून आला,
अंगठ्याने फुगवटा दाबला.
टुबुक. आत गेला.
हौद्यातून हात घालून दाबला.
टुबुक. बाहेर.
तुपाच्या डब्याच्या झाकणासारखा.

मार बाहेरनोच छे, साहेब.
मार खाल्ला की पत्रा लांबतो.
लांबला की आपल्याच जागेत मावत नाही.
मग कोणीतरी आतून लाथ घालून सरळ करायला जातं,
आणि उरलेला पत्रा इकडे येऊन बसतो.
दिसतो आतून बसल्यासारखा.
दिसतो बस.

भिंतीपलीकडे डबे जोडत होते.
एकाला एक आपटत आवाज लांबवर गेला,
आणि मला एक फाईल आठवली, दोरीसकट.

मंगळभाई रोहित. मॅटाडोर. वाघोडिया रस्ता.
साल शहाण्णव, दावा चार हजार तीनशे पन्नास.
ट्रॅक्टरने बाजूने ठोकलं, म्हणत होता.
चाकाला घासत होतं म्हणून
भावाने आतून जरा ढकललं,
हेसुद्धा म्हणत होता.
मी लिहिलं : नुकसान आतील बाजूने. निवेदन विसंगत.
त्या शेवटच्या शब्दावर
तेव्हा माझं फार प्रेम होतं.

दोनदा आला ऑफिसात.
दुसऱ्यांदा काही बोलला नाही,
पंख्याखालच्या बाकावर
पिशवी मांडीवर घेऊन बसला, जेवणाच्या सुट्टीपर्यंत.
मी डबा खायला मागच्या दाराने गेलो.

हारूनभाईने गॅस पेटवला.
चवलीएवढा ठिपका लाल केला,
भोवतीने हलके चार ठोके,
लगेच ओलं गोणपाट.
चर्र.
पत्रा आकसला. किती, ते डोळ्याला कळत नाही.
बोटाला कळतं, म्हणाला.
पुन्हा ठिपका, पुन्हा गोणपाट.
पुट्टी थापून देणारे पुष्कळ आहेत,
तुमच्या कंपनीच्या बिलांवर तेच चालायचं.
मला लागावं म्हणून नाही बोलला.
खडू शोधत होता.

पोरगा आज आलेला नव्हता.
म्हणून डॉली माझ्या हातात आली,
साबणाच्या वडीएवढी, तिच्यापेक्षा फार जड.
चाकाच्या कमानीतून खांद्यापर्यंत हात घातला,
गंज, जुना चिखल, कुठल्यातरी तंबाखूचा भुगा.
पत्र्याला टेकवा. दाबू नका, सोडू पण नका.

मला इकडून काहीच दिसत नव्हतं.
पहिला ठोका बाहेर पडला
आणि तळहातात आला.

असे अजून पन्नासेक आहेत, तो म्हणाला,
हात बदलायचा असेल तर आत्ताच बदला.